पत्री, निर्माल्य आणि दारातलं कुत्रं

प्रश्न : महालक्ष्म्या-गणपती उठल्यावर निर्माल्याची टोपली रात्रभर ओसरीवर राहिली. सकाळी ५ महिन्यांचं पिल्लू ओकलं, लाळ गाळत पडून राहिलं, दुपारी गेलं. चार पानं चघळली असतील. तेवढ्यानं जातं का? (वाचक, दर्यापूर तालुका)

जातं. गणपतीच्या २१ पत्रींत रुई, धोत्रा, कण्हेर तिन्ही आहेत. पिल्लाला सगळ्यांत महाग पडते कण्हेर. तिच्या पानाफुलांतलं विष थेट हृदयाची लय बिघडवतं. ठोके मंदावतात, चुकतात. पान वाळलं तरी विष जात नाही, म्हणून शिळी टोपलीही तितकीच वाईट. कुंपणाची पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, त्याच जातकुळीतली. तुमचं पिल्लू कशानं गेलं हे इथून छातीठोक सांगता येणार नाही, पण माझा संशय कण्हेरीवरच.

मिठाचं पाणी पाजलं होतं का? गावात सर्रास पाजतात. त्यानं रक्तातलं मीठ वाढून झटके येतात, जनावर उपायानंच दगावतं. दूध-तुपानंही विष उतरत नाही. उरलेली डहाळी पिशवीत घाला नि तिच्यासकट दवाखाना गाठा. पान ओळखलं की डॉक्टरचं निम्मं काम होतं. टोपली यापुढं खुंटीवर.

प्रश्न : होळीत आम्ही एरंडाची फांदी उभी करतो. पोरगा म्हणतो, बी विषारी. मग आजी एरंडेल कसं पाजते? (वाचक, वरुड)

दोघंही बरोबर. बीमधलं रायसिन तेलात उतरत नाही, मागं पेंडीत राहतं. बी अख्खं गिळलं तर पुष्कळदा तसंच बाहेर पडतं. चावून फोडलं की घोळ. रक्ताची हगवण लागायला कधी दिवसही उलटतो, तेव्हा ‘आता तर बरं दिसते’ म्हणून बसू नका. मला होळीपेक्षा भीती संत्र्याच्या बागेत खत म्हणून टाकलेल्या एरंडीच्या पेंडीची. कुत्री ती आवडीनं खातात.

प्रश्न : महाशिवरात्रीला आमचं कुत्रं रात्रभर भिंतीकडं पाहून भुंकलं, झोकांड्या खात होतं. दोन दिवसांनी सुधारलं. शेजारी म्हणतात, बाहेरचं होतं. (वाचक, चिमूर)

धोत्रा असावा. पिंडीवरचं फळ खाल्लं असेल. पुन्हा झालं तर डोळे पाहा: बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं. मांत्रिकाकडं वेळ घालवू नका.

प्रश्न : सून नागपूरहून दिवाळीला लिलीचा गुच्छ आणते. घरात मांजर आहे. झेंडूही असतो. (वाचक, सेलू)

झेंडूची काळजी नको. कर्ण्यासारख्या मोठ्या फुलाची लिली मात्र घरातच नको. अंगाला लागलेला पराग मांजरानं चाटला, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पहिल्या दिवशी फक्त ओकारी नि सुस्ती. मग दोन-तीन दिवसांत लघवी बंद. १८ तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर आशा असते. तालुक्याला सोय नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, सकाळची वाट पाहू नका. कुत्र्याचं लिलीनं सहसा पोटच बिघडतं. सुनेला गुलाब आणायला सांगा.