सगळ्यात जाणता गडी शेवटी ठेवा

प्रश्न : आमचा आठ बाइकचा ग्रुप आहे. पाच जण जुने, तिघं नवीन, त्यात माझा मावसभाऊ, लायसन्स मिळून चारच महिने झालेत, गाडी १२५ सीसी. मागे ताम्हिणीला गेलो तर तो सारखा मागे पडायचा, आम्ही टपरीवर चहा पीत वाट बघायचो, शेवटी एका वळणावर खडीवरून घसरला. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही, पण मावशी अजून माझ्याशी धड बोलत नाही. आता दिवेआगर ठरतंय. त्याला न्यायचा का नाही?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : न्या की. पण तो कितव्या नंबरवर होता ते तुम्ही लिहिलंच नाही, मी पैज लावतो, शेवटी. "तू आरामात ये मागून" म्हणून नवीन पोराला शेपटाला टाकायचं ही आपली जुनी खोड, आम्हीपण केलंय. होतं मात्र उलटं. लीड, म्हणजे सगळ्यात पुढचा, ६० ने चाललाय, स्पीडब्रेकर आला, स्लो केली, पार केला, परत ६०, आणि आठवा अजून ब्रेकरच्या अलीकडे २० वर रांगतोय. मधलं अंतर भरायला त्याला ७५-८० मारावी लागते, आणि पौडपासून मुळशीपर्यंत असे ब्रेकर न् गावं किती ते तुम्हाला माहितीये. म्हणजे सगळ्यात कच्चा माणूस सगळ्यात जोरात, तेही एकटा.

मावसभाऊ लीडच्या लगेच मागे, दोन नंबरवर. लीडने आरशात त्याला बघत चालवायची, त्याला झेपेल तोच ग्रुपचा स्पीड. बाकी दोघं नवीन जुन्यांच्या मधे मधे. खरं तर आठ जास्तच होतात, चार-चारचे दोन गट केले तर अजून बरं.

आणि सगळ्यात जाणता गडी शेवटी, पंक्चर किट त्याच्याकडे. इथे इगो आड येतो, मागे राहायला कुणालाच नको असतं, पण जे मागच्याला दिसतं ते लीडला दिसत नाही. मी एकदा वरंध्याला शेवटी होतो, पुढे एक नवीन मुलगी, तिचा ब्रेक लाइट दर वेळी वळणाच्या आत लागायचा, आधी नाही. चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हटलं, ताई, वळण दिसलं की आधीच स्पीड आणि गिअर खाली आणा, आणि नजर पुढच्याच्या टायरवर नको, वळण जिथे सुटतं तिथे ठेवा. नंतर लाइट लवकर पेटायला लागला. तुमच्या भावाचं पण बहुतेक हेच झालं असणार, खडी दिसली आणि वाकलेल्या गाडीत पुढचा ब्रेक दाबला.

मोकळ्या रस्त्यावर झिगझॅग चाला, एक उजवीकडे एक डावीकडे, आपल्याच बाजूच्या सरळ पुढच्यापासून दोन सेकंदांचं अंतर, ६० ला ते ३३ मीटर होतात, वाटतं त्यापेक्षा बरंच. घाटात मात्र एकामागे एक. ओव्हरटेक ज्याचा त्याने बघून करायचा, पुढचा गेला म्हणून मी गेलो हे बंद. माणगाव, म्हसळा अशा फाट्यांवर तीन नंबरवाल्याने थांबून शेवटचा येईपर्यंत रस्ता दाखवायचा, मग मागे राहिलो या भीतीने कुणी गाडी पळवत नाही.

प्रश्न : घाट उतरताना ग्रुपमधले काही जण गाडी न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणे. खरंय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही हो. फ्यूल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून थ्रॉटल सोडला की इंजिनला पेट्रोल तसंही जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. वर इंजिनचा ब्रेक जातो तो जातोच, सगळा भार डिस्कवर. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा.