टॉवरवरचे गोल ढोल लहान-मोठे का असतात? सगळेच मोठे लावले तर रेंज वाढेल का?

तुम्ही आयटीआय करताय आणि चोपड्याकडच्या टॉवरवर एक ढोल मोठा, बाकीचे छोटे दिसले म्हणून विचारलंय. मोबाईलच्या रेंजशी या ढोलांचा थेट संबंध नाही. मोबाईलशी बोलतात त्या उभ्या, लांबट पॅनेल अँटेना. ढोल म्हणजे डिश अँटेना, त्या एका टॉवरचा ट्रॅफिक (कॉल आणि डेटा) दुसऱ्या टॉवरला पोचवतात. जळगाव-धुळे पट्ट्यात मायक्रोवेव्हच्या देखभालीत बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिश केवढी हवी हे आधी फ्रिक्वेन्सीवर ठरतं. ६ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५ सेंमी, १५ ला २ सेंमी. १.८ मीटरची डिश ६ गिगाहर्ट्झवर साधारण ३८ डीबी गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याची ताकद, डीबी हे तिचं माप) देते, तर १५ वर ०.६ मीटरची डिशसुद्धा ३७ च्या आसपास जाते. मग सगळीकडे छोटीच का नाही? कारण १० गिगाहर्ट्झच्या वर पाऊस सिग्नल खातो. पाच-सात किलोमीटरला ते निभतं, लांबच्या हॉपला (दोन टॉवरमधल्या एका टप्प्याला) नाही.

समजा जळगाव ते चोपडा लिंक टाकायची आहे, सरळ रेषेत ४० किमीच्या आसपास. ७ गिगाहर्ट्झ धरलं तर मधोमध पृथ्वीच्या गोलाईचा फुगवटाच सुमारे २३ मीटर येतो. त्यावर फ्रेनेल झोनसाठी (सिग्नलच्या सरळ रेषेभोवती मोकळी लागणारी जागा) आणखी १२ मीटर मोकळे हवेत, आणि झाडं वेगळीच. शिवाय मध्ये तापी आणि बागायती, ओलिताची शेती. थंडीत वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम राहते. मग सिग्नल वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकमेकांना मारतो. अशा वेळी नुसती डिश मोठी करून भागत नाही. एकाच टॉवरवर काही मीटर अंतराने वर-खाली दोन डिश लावतात, म्हणजे एकीचा सिग्नल पडला तरी दुसरीचा बहुधा टिकतो. शहादा ते तोरणमाळ अंतर जवळपास तेवढंच, पण तिथे एक टोक हजार मीटरच्या वर असल्याने फुगवट्याची चिंता जवळजवळ नसते.

डिशचा व्यास दुप्पट केला की गेन ६ डीबीने वाढतो, हे खरं. पण बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, निम्मा रुंद होतो. ७ गिगाहर्ट्झला ३ मीटरच्या डिशचा बीम जेमतेम १ अंश. वाऱ्याने टॉवर अर्धा अंश पिळला की निम्मी पॉवर गेली. आणि वारा क्षेत्रफळावर बसतो: १.८ मीटरच्या डिशवर ताशी १५० किमीचा वारा तीनशे किलोच्या वर जोर लावतो. मे-जूनमध्ये रावेर-यावलला केळीच्या बागा आडव्या होतात, ते वादळ टॉवरलाही सोसावं लागतं. म्हणून लिंकला पुरेल तेवढीच डिश लावावी, हे माझं ठाम मत आहे.

ढोलाच्या गोल भिंतीला आतून शोषक अस्तर असतं. बाजूला आणि मागे सांडणारी ऊर्जा ती अडवते. भुसावळसारख्या ठिकाणी एका टॉवरवरून चार दिशांना लिंक जातात. तिथे हे अस्तर नसेल तर एका लिंकचा सिग्नल दुसरीत शिरतो, आणि तिथे गेनपेक्षा हेच महत्त्वाचं ठरतं.

या कामात शिरलात तर अलाइनमेंट (दोन डिश एकमेकींवर नेमक्या रोखणं) मन लावून शिका. रेडिओच्या पोर्टला मल्टिमीटर लावायचा (तिथलं व्होल्टेज सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतं), बोल्ट पाव-पाव आटा फिरवत डिश डावीकडून उजवीकडे पूर्ण न्यायची. व्होल्टेज तीनदा चढतं: लहान, मोठं, लहान. कडेची दोन शिखरं साइडलोबची (मुख्य झोताच्या बाजूला सांडणाऱ्या कमजोर झोतांची), मधल्यापेक्षा सुमारे २० डीबी खाली. पहिलंच शिखर दिसलं की लगेच बोल्ट कसणारे पुष्कळ असतात. लिंक चालू होते, म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि पहिल्या वादळी पावसात ती पडते. आडवं झालं की उभंही तसंच पूर्ण फिरवायचं, मग समोरच्या टोकाच्या माणसाने त्याची डिश फिरवायची. शेवटी दोन्हीकडचं रीडिंग कागदावरच्या हिशेबाशी ताडून बघा. दोन-तीन डीबीचा फरक चालतो. वीसचा असेल तर परत वर चढायचं.