नवापूरला लाखो कोंबड्या गेल्या, मग माणसं कशी वाचली?

प्रश्न असा आहे: २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये बर्ड फ्लू आला, तर तिथे राबणाऱ्या माणसांना काहीच का झालं नाही? मुळात विषाणू होता तरी का?

होता. भोपाळच्या प्रयोगशाळेत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू निघाला आणि भारतातली ती पहिलीच नोंद. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, माणसांत मात्र एकही बाधित सापडला नाही. मी नंदुरबारला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे ही शंका माझ्या ओळखीची आहे.

फ्लूचा विषाणू हवेतून नाकात गेला म्हणजे आजार झाला, असं होत नाही. त्याला पेशीला चिकटावं लागतं. पेशीच्या बाहेर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाला सायलिक आम्ल असतं. विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन नेमकं तेच धरतं. एकेक पकड अगदी कच्ची, पण अशा पुष्कळ पकडी मिळून विषाणू पक्का बसतो. बांधावरून चालताना धोतराला आघाडा चिकटतो ना, तसा. मग पेशी स्वतःच त्याला पोटात घेते. आतल्या पिशवीत आम्लता वाढली की हिमॅग्लुटिनिनचा आकार पालटतो, विषाणूचं वेष्टण पिशवीच्या पडद्यात मिसळतं आणि त्याचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकं, पेशीत मोकळा होतो.

आता खरी मेख. हे सायलिक आम्ल पुढच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडलेलं असतं: अल्फा २,३ किंवा अल्फा २,६. पक्ष्यांच्या फ्लूला पहिली जोडणी लागते. माणसाच्या नाकाघशात दुसरीच जास्त. पहिली आहे, पण खाली फुप्फुसाच्या वायुकोशांत. हे २००६ मध्येच संशोधकांनी दाखवलं. म्हणून एच५एन१ माणसाला सहसा धरत नाही, पण खोलवर पोचला तर न्यूमोनिया जिवावर बेततो. २०२१ मध्ये हरियाणातला एक मुलगा त्यानं दगावला, तो देशातला पहिला मानवी मृत्यू.

कोंबड्या पटापट का मेल्या, त्याचं कारण वेगळं आहे. हिमॅग्लुटिनिन कापलं गेल्याशिवाय विषाणू आत शिरू शकत नाही. साध्या फ्लूत ते कापणारी विकरं (एन्झाइम) श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात. या एच५एन१च्या हिमॅग्लुटिनिनचा सांधा मात्र फ्युरिन नावाचं विकर कापतं, आणि फ्युरिन जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. त्यामुळे मेंदू, काळीज, काहीच सुटत नाही.

माणसं वाचली त्याला रिसेप्टर, म्हणजे विषाणू धरतो ती सायलिक आम्लाची जोडणी, हे एकमेव कारण, असं मात्र धरू नका. मास्क, हातमोजे, किती विषाणू अंगात गेला, हेही मोजावं लागतं. शिवाय हिमॅग्लुटिनिनमधली मोजकी अमिनो आम्लं बदलली तरी कुठली जोडणी धरायची ही विषाणूची आवड पालटते; १९५७ आणि १९६८ च्या साथींच्या विषाणूंत हिमॅग्लुटिनिनच्या साखळीतल्या २२६ आणि २२८ क्रमांकाच्या दोनच जागा त्यासाठी पुरल्या.

राहिला पोरांचा ठरलेला सवाल, ‘सर, मंग कोंबडी खावानी का नही?’ खा, नीट शिजवून. ७० अंशांपुढे हा विषाणू टिकत नाही. मेलेली कोंबडी घरी आणून सोलू नका, एवढंच.