निवृत्तीचे १८ लाख बागेत घालण्यापूर्वी

भांडुप येथील एका वाचकांनी स्वेच्छानिवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेविषयी पत्र लिहिले आहे. त्यांचे वय ५६ आहे. भरपाई, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळून गेल्या महिन्यात ३४ लाख रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले. राहते घर कर्जमुक्त आहे, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका असून त्यांना दरमहा २४ हजार मिळतात, घरखर्च ४५ हजारांच्या आसपास आहे आणि मुलाची अभियांत्रिकीची दोन वर्षे बाकी आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित तीन एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी, जमीन पडीक आहे. तिथे निम्म्यावर हापूस आणि निम्म्यावर काजू लावून १८ लाख गुंतवावेत, कमी पडल्यास बँकेचे कर्ज घ्यावे आणि सातव्या वर्षापासून वर्षाला पाच लाख मिळवावेत, अशी त्यांची योजना आहे. त्यांना दिलेले उत्तर पुढे देत आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण गावी जावे की जाऊ नये, हा प्रश्न आपण मला विचारलेला नाही आणि मीही त्यात पडत नाही. बाग जरूर लावावी. मात्र ती १८ लाखांची असू नये, एका दमात लावलेली असू नये आणि कर्ज काढून तर मुळीच असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरखर्च भागवणारे भांडवल आणि बागेचे भांडवल ही दोन वेगळी खाती आहेत. आपल्या पत्रात ती एकमेकांत मिसळली आहेत.

आधी घराचे पाहू. पत्नीचा पगार वजा जाता दरमहा २१ हजारांची तूट पडते, म्हणजे वर्षाला अडीच लाखांहून थोडी अधिक. आपल्या योजनेप्रमाणे बागेत १८ लाख गेल्यावर १६ लाख उरतात. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तरी महिन्याला अकरा हजारांहून थोडे कमीच येतील. उरलेली दहा हजारांची तूट आणि मुलाची फी मुद्दलातूनच काढावी लागेल, आणि बागेतून पहिला खरा पैसा येईपर्यंत मुद्दल निम्म्यावर आलेले असेल. वयाच्या ५८ व्या वर्षी निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन सुरू होईल हे खरे, पण हिशेबात धरल्या जाणाऱ्या पगारावरील मर्यादेमुळे बहुतेकांना ते दरमहा साडेसात हजारांच्या आतच मिळते.

आता सातव्या वर्षाच्या पाच लाखांकडे वळू. आपण हापूसची ६० कलमे, प्रत्येकी दोन पेट्या आणि पेटीला दोन हजार रुपये धरले आहेत, तर काजूची १२० झाडे, प्रत्येकी १५ किलो बी आणि किलोला १५० रुपये. झाडांची संख्या बरोबर आहे, कारण दहा मीटरवर आंबा आणि सात मीटरवर काजू लावल्यास दीड-दीड एकरात एवढीच झाडे बसतात. उत्पन्नाचा आकडा मात्र पूर्ण वाढलेल्या, पाणी, खत आणि निगा मिळालेल्या बागेचा आहे. वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या काजूच्या जातींचे जे उत्पन्न कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत छापलेले असते ते खोटे नसते, पण कातळाला लागून असलेल्या, पावसावर अवलंबून राहणाऱ्या वरकसात सातव्या वर्षी झाडामागे पाच किलो धरणे मला शहाणपणाचे वाटते. बीचा दरही आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या काजूबरोबर खालीवर होत असल्याने मी ११० रुपये धरतो. त्या हिशेबाने काजूचे ६६ हजार होतात.

हापूसचे गणित आणखी सावधपणे मांडावे लागते. हे झाड एक वर्षाआड भरघोस येते. सातव्या वर्षी ते जेमतेम हाताशी आलेले असते, म्हणून मी सरासरी झाडामागे अर्धी पेटी धरतो. त्यातही लांजा समुद्रापासून आत असल्याने तिथला आंबा किनारपट्टीच्या मानाने उशिरा तयार होतो. चढे दर घेऊन जाणाऱ्या मार्च-एप्रिलच्या पेट्या देवगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून येतात. आपल्या पेट्या वाशीत पोहोचतील तेव्हा बाजार उतरलेला असेल, आणि वळवाचा पाऊस लागला तर उरलेला माल किलोच्या भावाने कॅनिंगच्या कारखान्याला घालावा लागेल. फळांवरची आडत, म्हणजे दलाली, २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम झाला आहे. तरीही दलालाकडून आलेली विक्रीच्या हिशेबाची पट्टी एकदा हातात घेऊन नीट वाचावी. पेटीचे लाकूड, पेंढा, काढणीची मजुरी, टेम्पोचे भाडे आणि हमाली जाऊन दोन हजारांची पेटी शेतकऱ्याच्या हाती कितीची पडते, हे त्या एका कागदावर कळते. मी हाती पडणारे १,२०० रुपये धरतो आणि ३० पेट्यांचे ३६ हजार मांडतो.

दोन्ही मिळून एक लाख दोन हजार झाले. त्यातून गवत काढणे, खत, राखण आणि तुडतुडे-भुरीसाठी मोहोराच्या हंगामातल्या फवारण्या यांचा खर्च साठ-सत्तर हजारांच्या खाली आणणे कठीण आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात आंब्याला सहा फवारण्या सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीला झाडापाशी पाणी न्यावे लागते. शेवटी हातात तीस-चाळीस हजार राहतात. तेच १८ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत वर्षाला १,४७,६०० रुपये देतात, म्हणजे सात वर्षांत सुमारे दहा लाख रुपये व्याजावर पाणी सोडून आपण त्या तीस-चाळीस हजारांपर्यंत पोहोचणार. पुढे बाग वाढेल आणि आकडेही वाढतील, हे मी नाकारत नाही. तोवर आपण ६३ वर्षांचे असाल, एवढेच निदर्शनास आणतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असते, हा आपल्या पत्रातला मुद्दा बरोबर आहे, पण ज्याला तसाही कर बसणार नाही त्याला त्या सवलतीचा काय उपयोग?

पैशांपेक्षाही मला काळजी वाटते ती सातबाऱ्याची. आपल्यासह पाच नावे आहेत, त्यांत दोन चुलत भाऊ आणि एक आत्या आहे, आणि "त्या काही मागणार नाहीत" असे आपण लिहिले आहे. आत्या मागणार नाहीत हे मान्य केले, तरी त्यांच्या पश्चात त्यांची मुले काय म्हणतील याची हमी आज कोणी देऊ शकत नाही. पडीक जमिनीवर कोणी हक्क सांगत नाही, आणि त्याच जमिनीवर काजू धरू लागला की मुंबईतल्या प्रत्येक खोलीतून वारस उभे राहतात, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. म्हणून पहिला खर्च मोजणीचा आणि वाटपाचा करावा. सर्वांची संमती असल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होऊ शकते आणि त्यानंतर आपल्या हिश्श्याचा स्वतंत्र सातबारा निघतो. त्या निमित्ताने 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचे नाव किंवा खासगी वनाचा शेरा आहे का, तेही पाहून घ्यावे. कलमे लावून झाल्यावर तो शेरा सापडणे फार महागात पडते.

दुसरी अडचण पाण्याची. आपण जमीन गणपतीत आणि शिमग्याला पाहिली आहे. गणपतीत कोकणातला कोणताही माळ हिरवागार दिसतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडूनही जांभ्या दगडातून आणि उतारावरून तो वाहून जातो, आणि कोवळ्या कलमांना पहिली दोन-तीन वर्षे ज्या महिन्यांत हाताने पाणी घालावे लागते त्याच महिन्यांत विहिरीचा तळ दिसतो. बोअरवेलसाठी अडीच लाख राखून ठेवण्याआधी एप्रिलअखेर आठवडाभर तिथे राहावे, शेजाऱ्यांच्या विहिरींचे पाणी किती खाली गेले ते पाहावे आणि वाडीत कोणाची बोअर कोरडी गेली ते विचारावे. प्लास्टिकचा कागद घातलेली छोटी जलकुंडे वीस-तीस झाडांपुरती पुष्कळ स्वस्तात काम देतात.

तिसरी अडचण माणसांची. गावातली तरुण मंडळी मुंबईत आहेत, म्हणून तर मोठ्या बागांमधून राखणीला नेपाळी माणसे ठेवावी लागतात. "चुलत भाऊ बघेल" या तीन शब्दांवर आपण सगळी बाग टांगली आहे. पावसाळा संपला की कमरेएवढे गवत उभे राहते आणि डिसेंबरपर्यंत ते वाळून कडक होते. त्यात हातभर उंचीची कलमे दिसतही नाहीत. ते वेळेवर कापले नाही आणि बागेभोवती गवत काढून मोकळा पट्टा राखला नाही, तर फेब्रुवारी-मार्चमधला एखादा वणवा दुपारच्या दोन तासांत तीन वर्षांची लागवड संपवतो. चिऱ्यांचे पाच लाखांचे कुंपण गुरे अडवेल, पण वणवा आणि वानर त्याने थांबत नाहीत. भावाला दरमहा ठरावीक मोबदला द्यावा आणि पुढे उत्पन्नातला वाटा लेखी ठरवून घ्यावा. नात्यात कागद कशाला, असे मनात येईल, पण नाते टिकवायचे असेल तर कागद करावाच.

तेव्हा ३४ लाखांची विभागणी मी अशी करीन. २४ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. साठ वर्षे पूर्ण नसली तरी स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ५५ नंतर ती खुली आहे, मात्र निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडावे लागते, आणि त्यातला एक महिना आपला गेला आहे. यातून दर तिमाहीला ४९,२०० रुपये, म्हणजे महिन्याला १६,४०० येतील. उरलेली दरमहा ४,६०० रुपयांची तूट निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंतची दोन वर्षे चार लाखांच्या राखीव रकमेतून भागवावी. तीच रक्कम आजारपणासाठीही असल्याने ती सहज मोडता येईल अशा मुदत ठेवीत असावी. अडीच लाख मुलाच्या फीसाठी बाजूला काढावेत. बागेसाठी साडेतीन लाख राहतात, आणि ते मला पुरेसे वाटतात.

साडेतीन लाखांत शेतघर होणार नाही. वाडीतल्या जुन्या घराची कौले आणि मोरी दुरुस्त करून तिथेच राहावे. पहिल्या वर्षी मोजणी, वाटप आणि पाण्याची खात्री एवढेच करावे. दुसऱ्या जूनमध्ये एक एकरात फक्त काजू लावावा आणि कुंपण तेवढ्याच तुकड्याला घालावे. काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरू लागतो आणि हापूसइतकी फवारणी मागत नाही. हापूसची दहा-बारा कलमे घरच्यासाठी आणि हौसेसाठी लावावीत. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणात दहा गुंठ्यांपासून अनुदान मिळते. ते तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येते, पण दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात आणि सामाईक सातबाऱ्याला सर्वांची संमती लागते. केवळ शेतीवर जगणाऱ्यांना तिथे प्राधान्य असल्याने हे अनुदान मिळेलच असे धरून हिशेब करू नये. मिळाल्यास ते पुढच्या एकरासाठी वापरावे.

कर्जाचा विचार सोडून द्यावा. वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत चार टक्क्यांनी मिळते ते पीककर्ज. नव्या लागवडीसाठी घ्यावे लागते ते मुदत कर्ज, त्याचा दर निराळा असतो आणि हप्ता काजू धरेपर्यंत थांबेलच असे नाही. झाडे धरू लागली की हवामानावर आधारित फळपीक विमा दरवर्षी न चुकता उतरवावा. त्यात शेतकऱ्याचा हप्ता सामान्यतः विमा रकमेच्या पाच टक्के असतो. नुकसानभरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते, आपल्या झाडाकडे पाहून नव्हे, हे लक्षात असू द्यावे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्तेने झाडावरचा आंबा खाली पाडला. लागोपाठ दोन वर्षे असा फटका सोसताना ज्यांचे घर बागेवर चालत नव्हते, ते नव्याने कलमे लावू शकले.

ज्येष्ठ नागरिक योजनेचे २४ लाख एकाच खात्यात न ठेवता पोस्टात १६ आणि बँकेत ८ असे ठेवावेत. दोन वर्षांनंतर पाणी, वाटप आणि भावाची व्यवस्था या तिन्ही गोष्टी मनासारख्या जमल्या आणि बाग वाढवावीशी वाटली, तर आठ लाखांचे खाते एक टक्का कपात सोसून मोडता येईल, आणि मोठ्या खात्याला हात लावावा लागणार नाही. त्या वेळी पहिल्या एकरातली किती झाडे जगली तो आकडा कळवावा, म्हणजे पुढचा हिशेब त्यावरून मांडता येईल.