वीज नसताना निदान-किटची नळी 65 अंशांवर कशी ठेवायची?

तुम्ही विचारलंय की खेड्यात चाचणी करायची, वीज बेभरवशाची, तर हातात नेता येईल असा स्वस्त हीटर बनेल का. बनेल. मी सोलापुरात घरच्या टेबलावर हेच करत असतो.

रोगजंतूचा डीएनए नळीत वाढवून तो ओळखायचा, अशा या चाचण्या. त्यातल्या नेहमीच्या पीसीआरला तापमान 95 पर्यंत चढवून उतरवायचं, असं तीसेक वेळा. 2000 साली जपानमध्ये मांडलेल्या लॅम्प पद्धतीत मात्र नळी 60 ते 65 अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवली की झालं. तापवणं सोपं, तिथंच रोखून धरणं अवघड.

मी आधी कळीचा चुना वापरला. पाणी ओतलं की तापतो, वीज लागत नाही. डिसेंबरच्या पहाटे बेतलेलं प्रमाण एप्रिलच्या दुपारी फसलं. खोलीच 41 अंशांवर, नळी 80 च्या वर गेली, डीएनए वाढवणारं एन्झाइम मेलं. मग चुना आणि नळीच्या मध्ये पामिटिक ॲसिड, म्हणजे मेणासारखा एक पदार्थ, भरलं. ते 63 अंशांच्या आसपास वितळतं आणि पूर्ण वितळेपर्यंत तापमान जवळपास तिथंच थांबतं. 30 ग्रॅममध्ये वितळताना साधारण 6000 ज्यूल उष्णता मावते. चुना थंडावल्यावर डब्यातून 2 वॅट उष्णता गळत असेल, तरी ते परत गोठेपर्यंत 50 मिनिटं निघतात. बाजारात त्याचंच भावंड स्टिअरिक ॲसिड म्हणून मिळतं ते बहुधा दोन्हींचं मिश्रण असतं, लवकर वितळतं. थर्मामीटर लावूनच घ्या. आणि चुना हाताळताना चष्मा हवाच. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

चार्जिंगची सोय असेल तर मी बॅटरीच घेईन. एका 18650 लिथियम सेलमध्ये 9 वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा, ॲल्युमिनियमचा ठोकळा, तो तापवायला नायक्रोम तार, तापमान मोजायला 10 के (किलो-ओम) थर्मिस्टर. वरून टर्किश टॉवेलचे दोन पदर गुंडाळा, गळती बरीच कमी होते.

माझे तीन आठवडे एका चुकीत गेले. ठोकळा 65 दाखवायचा, चाचणी फसायची. शेवटी केसाएवढा बारीक थर्मिस्टर नळीतल्या थेंबभर पाण्यात बुडवला, तर आत 58! भोकं सैल होती, मधल्या हवेनं घात केला. नळीच्या निमुळत्या आकाराची भोकं पाडून घेतली, आणि झाकणाखाली वाफ जमू नये म्हणून वर मिनरल ऑइलचा थेंब टाकला.

चाचणी झालेली नळी तिथं उघडू नका, आत वाढलेला डीएनए बाहेर पसरतो आणि पुढच्या सगळ्या चाचण्या खोट्या पॉझिटिव्ह येऊ लागतात. आणि रुग्णाच्या नमुन्याला हात लावण्याआधी नुसत्या पाण्याच्या नळीवर दुपारी आणि पहाटे, दोन्ही वेळा आतलं तापमान तासभर लिहून काढा.