फॉन्ट: कारंजे नव्हे, कुंड

इंग्लंडमधील एखाद्या जुन्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) चर्चचा ‘मध्ययुगीन फॉन्ट हरवला’ असे वाक्य आले, तर तेथे फॉन्टला मराठीत काय म्हणावे आणि संगणकावरच्या अक्षरांचा फॉन्ट तो हाच का, असे एका वाचकाने विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘बाप्तिस्मा-कुंड’, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीच्या पाण्याचे कुंड, आणि दुसऱ्याचे ‘मुळीच नाही’. ‘हरवलेले कारंजे’ हा अनुवाद मात्र इतक्यांदा डोळ्यांपुढे येतो की त्याचा समाचार घेणे भाग आहे. कारंज्याचे पाणी उसळते. या दगडी कुंडातले पाणी कुलपात असे. मंतरलेले पाणी त्यात बरेच दिवस ठेवले जाई आणि ते कोणी जादूटोण्यासाठी पळवू नये म्हणून कुंडावर झाकण व कुलूप असावे, असा नियम कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी १२३६ मध्ये घालून दिला होता. पुढे कोयंडे उखडताना उडालेले दगडाचे टवके अनेक जुन्या कुंडांच्या काठावर आजही दिसतात.

आता व्युत्पत्ती. लॅटिन ‘फोन्स’ म्हणजे झरा. त्याच्या ‘फोन्त-’ या अंगापासून कुंडवाचक फॉन्ट आला. रोमन पंडित व्हारो याने हा ‘फोन्स’ ‘फुन्देरे’, म्हणजे ओतणे, या क्रियापदापासून साधला आणि त्याचे म्हणणे आजही बिनदिक्कत उतरवून घेतले जाते, हे मला मान्य नाही. व्हारोच्या भाषेत दोन्ही शब्द ‘फ’नेच सुरू होत असल्यामुळे त्याची फसगत झाली, ज्यांच्या हाताशी संस्कृत आहे त्यांना ही सबब नाही. लॅटिनमधल्या आद्य ‘फ’समोर संस्कृतात कधी ‘ध’ येतो (‘फूमुस’ आणि ‘धूम’ ही जोडी प्रसिद्धच आहे), तर कधी ‘ह’. ‘फोन्स’चा सोयरा ‘धन्वति’, म्हणजे वाहतो, धावतो. ऋग्वेदात सोमाच्या प्रवाहासाठी हे क्रियापद आले आहे. ‘फुन्देरे’चा सोयरा मात्र ‘हु’ धातूचे ‘जुहोति’, म्हणजे आहुती ओततो. याच ‘फुन्देरे’पासून फ्रेंचमध्ये धातू वितळवून ओतण्याचा शब्द झाला आणि छपाईच्या ओतीव खिळ्यांच्या संचाला फॉन्ट म्हणू लागले. म्हणजे आपण रोज ज्यात टंकन करतो तो फॉन्ट होम, हवन, आहुती यांच्या कुळातला आहे, आणि चर्चमधला फॉन्ट वाहत्या पाण्याच्या कुळातला. इतका स्वच्छ भेद समोर असताना दोघांना एका मुळाशी बांधणे हा भाषेवर अन्याय आहे.

राहिला ‘हरवला’ हा शब्द. ही कुंडे बहुधा चोरीला गेली नाहीत. ती काढून टाकली गेली. मे १६४४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने ‘अंधश्रद्धेची’ कुंडे विद्रूप करण्याचा हुकूम काढला आणि पुढच्या वर्षीच्या उपासना-नियमांनी जुनी कुंडे जिथे होती तिथे बाप्तिस्मा देण्यास मनाई केली. बाहेर पडलेल्या कुंडांपैकी काहींच्या गुरांना पाणी पाजायच्या डोणी झाल्या. ग्लॉस्टरशायरमधील डीअरहर्स्टच्या सॅक्सन कुंडाचे, नागमोडी वेटोळ्यांच्या नक्षीचे पात्र शेतावर असेच वापरले जात होते; ते एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये परतले. स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये २६ एप्रिल १५६४ रोजी शेक्सपिअरचा बाप्तिस्मा झाला. तेथले मध्ययुगीन कुंडही बराच काळ चर्चबाहेर होते. त्याचे फुटके पात्र आता पुन्हा आत ठेवलेले आहे.

१६६० मध्ये राजसत्ता परतल्यावर अनेक चर्चांनी नवी कुंडे बसवून घेतली. त्यामुळे अनुवादात ‘मध्ययुगीन’ हे विशेषण गाळू नये. गाळल्यास त्या चर्चमध्ये आज कुंडच नाही, असा चुकीचा अर्थ निघेल.