फिट्स येणारी कुत्री घरी आणावी का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही एका रेस्क्यू ग्रुपकडून कुत्री अडॉप्ट करायच्या बेतात आहोत. दीड वर्षाची आहे, फॉस्टरकडे (सध्या तिला तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे) जाऊन भेटून आलो, आमच्या आठ वर्षांच्या लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून चक्क झोपली. सगळं ठरत आलं आणि मग त्यांनी सांगितलं की तिला एपिलेप्सी आहे, फिनोबार्बिटॉनची गोळी दिवसातून दोनदा चालू आहे, गेल्या चार महिन्यांत एकच फिट आलीय. त्यांनी लपवलं नाही हे आवडलं, पण तेव्हापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात. मिस्टर म्हणतात रोज गोळी द्यायची एवढंच ना, सासूबाई म्हणतात आजारी जनावर मुद्दाम कशाला आणायचं, आणि मी रात्री फिट्सचे व्हिडिओ बघून घाबरून बसलेय. आम्ही दोघं नोकरी करतो, घरात एक म्हातारा कुत्राही आहे. ती किती जगेल? गोळ्या कायमच्या का? आणि घरात कोणी नसताना फिट आली तर?
– एक गोंधळलेली वाचक

उत्तर : आधी ते व्हिडिओ बघणं बंद करा. लोक शूट करतात ते सगळ्यात वाईट क्षण, नंतर तेच कुत्रं उठून बॉल मागे धावतं ते कोणी टाकत नाही.

आता मुद्द्याचं. तिला फिट्स येतात हे कळलं, पण त्या कशामुळे येतात हे कोणी तपासलंय का? एपिलेप्सी हे निदान बाकीची कारणं एकेक बाद करत करत होतं, त्याची एकच अशी ब्लड टेस्ट नसते. मेंदूत दुसरं काही सापडत नाही अशी जी नेहमीची एपिलेप्सी असते तिची पहिली फिट साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात येते, म्हणजे तुमची कुत्री त्यात बसते, पण रेस्क्यू केलेल्या लहान कुत्र्यांत फिट्सची दुसरी कारणंही असतात, डिस्टेंपर (मेंदूपर्यंत जाऊ शकणारा एक विषाणूचा आजार) होऊन गेलेला असतो, जन्मतःच लिव्हरला बायपास करणारी रक्तवाहिनी असते, डोक्याला मार लागलेला असतो, काहीतरी विषारी खाल्लेलं असतं. म्हणून ग्रुपकडून फाइल मागा. पहिली फिट कधी आली, लिव्हरच्या टेस्ट आणि शुगर केली का, बाइल अॅसिड टेस्ट (लिव्हर नीट काम करतंय का ते बघणारी) केली का, दोन फिट्सच्या मधल्या काळात ती चालते बोलते ते नॉर्मल आहे का (बोलते म्हणजे भुंकते हो), कुठला स्नायू झोपेतसुद्धा सतत ठेका धरल्यासारखा उडतो का. शेवटचं असेल तर डिस्टेंपरचा संशय येतो आणि मग चित्र वेगळं असतं. फिटचा व्हिडिओ कोणी घेतला असेल तर तोही मागा आणि सगळं घेऊन तुमच्या व्हेटकडे जा, कुत्री घरी आणायच्या आधी. प्रेमात पडल्यावर कागद वाचले जात नाहीत.

फाइल ठीक असेल तर माझं मत आणा असं आहे, पण मिस्टरांच्या ‘एवढंच ना’ला माझा आक्षेप आहे. गोळी बारा तासांनी म्हणजे बारा तासांनीच. सकाळी सात तर रात्री सात. रविवारी उशिरा उठलो, लग्नाला गेलो, ट्रॅफिकमध्ये अडकलो, हे तिच्या मेंदूला कळत नाही. डोस चुकणं हे स्वतःच फिटचं कारण होऊ शकतं आणि फिनोबार्बिटॉन एकदम बंद झालं तर एकामागोमाग फिट्स येऊ शकतात. त्यामुळे प्रश्न आजाराचा कमी आणि तुमच्या घड्याळाचा जास्त आहे. पुढची दहा-बारा वर्षं सकाळ-संध्याकाळ गोळी कोण देणार आणि तो माणूस नसेल तेव्हा कोण देणार, ही दोन नावं आज कागदावर लिहिता आली तर पुढे जा. सासूबाई दिवसा घरी असतील तर दुसरं नाव त्यांचं असू शकतं, विरोधकांना खातं दिलं की विरोध मवाळ होतो!

ती किती जगेल? फिट्स कंट्रोलमध्ये असलेली बरीच कुत्री नेहमीसारखंच आयुष्य जगतात. पण कंट्रोल म्हणजे शून्य फिट्स असं दर वेळी होत नाही, फिट्स कमी होणं, छोट्या होणं, हेच बऱ्याचदा ध्येय असतं. आणि काहींना एका गोळीने भागत नाही, पोटॅशियम ब्रोमाइड किंवा लेव्हेटिरासिटाम जोडावं लागतं, ही तयारी मनाची आणि खिशाची आत्ताच ठेवा.

फिनोबार्बिटॉनवरचं कुत्रं सारखं पाणी पितं, सारखं शू करतं आणि सारखं भुकेलेलं असतं. ती हावरी नाहीये, औषध तिला हावरी करतंय, पण वजन वाढायला वेळ लागत नाही म्हणून खाणं मोजून द्या आणि कचऱ्याच्या डब्याला झाकण ठेवा. डोस बदलला की पहिले आठ-पंधरा दिवस पाय लटपटतात, झोपाळू होते, हे बहुतेक वेळा जातं. औषधाची रक्तातली लेव्हल डोस बदलल्यावर साधारण दोन आठवड्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी लिव्हरसोबत तपासायची. रिपोर्टमध्ये एएलपी (लिव्हरच्या टेस्टमधलं एक एन्झाइम) वाढलेलं दिसलं तर लगेच रडू नका, या औषधाने ते नुसतंही वाढतं, बाकीच्या आकड्यांसोबत डॉक्टर वाचतील. गोचीड-पिसवांचं औषध देताना मात्र एपिलेप्सी आहे हे आवर्जून सांगा, आयसोक्झाझोलिन गटातल्या गोळ्यांनी (फ्लुरालानर, अफॉक्सोलानर वगैरे) काही कुत्र्यांना फिट्स येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेने) 2018 मध्ये दिलाय.

आता फिट आली तर. बहुतेक फिट्स एक-दोन मिनिटांच्या असतात, बघणाऱ्याला अर्धा तास वाटतो, म्हणून पहिलं काम घड्याळ बघणं. जीभ गिळत नाही ती, कुत्रं जीभ गिळूच शकत नाही, त्यामुळे तोंडात हात, चमचा, पाणी काहीही घालायचं नाही, चावा बसेल तो तुम्हाला. आजूबाजूचं टेबल-खुर्ची सरकवा, जिन्याजवळ असेल तर अलगद बाजूला घ्या, लाइट आणि टीव्ही बंद करा, एकाने व्हिडिओ काढा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा 24 तासांत दोन-तीन आल्या, किंवा मधे शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, तर कसलाही विचार न करता हॉस्पिटल गाठा. घरात ठेवायचं इमर्जन्सी औषध, गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम किंवा नाकात मारायचं मिडाझोलाम, हे तुमच्या व्हेटकडून आधीच लिहून आणि शिकून घ्या.

फिटनंतर ती काही मिनिटं ते काही तास वेगळीच असेल. भिंतीवर आपटेल, दिसत नसल्यासारखी चालेल, ओळखणार नाही, गोल गोल फिरेल. लेकीला सांगून ठेवा की अशा वेळी मिठी मारायची नाही, आईला हाक मारायची. आणि तुमचा म्हातारा! याबद्दल कोणी बोलत नाही पण घरातलं दुसरं कुत्रं फिट येणाऱ्यावर कधी कधी तुटून पडतं, तडफडणारं शरीर बघून ते घाबरतं. म्हणून तुम्ही घरात नसताना दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायचं, निदान पहिले काही महिने तरी. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच. उरलेलं अर्धं म्हणजे तिची खोली जिना, बाल्कनी, उंच सोफा, पाण्याचा टब या सगळ्यापासून लांब, खाली गादी, आणि एक साधा कॅमेरा. एकट्याने पोहणं कायमचं बंद. बऱ्याच फिट्स झोपेत किंवा आराम करताना येतात, म्हणजे तुम्ही ऑफिसमध्ये असताना एखादी येईल आणि तुम्हाला फक्त ओली गादी दिसेल, हे होणार आहे. ते डायरीत लिहायचं आणि गादी धुवायची.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. दयेपोटी आणलेलं कुत्रं दया संपली की ग्रुपकडे परत जातं आणि घर बदलण्याचा ताण तिला सगळ्यात नको आहे. ग्रुपला विचारा की आधी महिनाभर फॉस्टर म्हणून ठेवता येईल का. त्या महिन्यात गोळ्यांच्या वेळा किती पाळल्या गेल्या ते तुम्हालाच दिसेल.

प्रश्न : आमच्या कुत्र्यालाही हीच गोळी चालू आहे, आठ महिन्यांत एकही फिट नाही. बरा झाला असेल तर बंद करू का?

उत्तर : नाही. फिट नाही कारण गोळी आहे. साधारण एक-दोन वर्षं एकही फिट आली नाही तर डॉक्टर कमी करायचा विचार करतात, तेही महिन्याला जास्तीत जास्त 20 टक्के असं हळूहळू, आणि फिट्स परत येऊ शकतात हे धरून. तोपर्यंत स्ट्रिप संपायच्या दोन आठवडे आधी नवीन आणून ठेवत जा, हे औषध प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही आणि दर वेळी दुकानात असेलच असं नाही.